हिरवी नरसाळी आणि आगाशीचा भुईमूग

विरार पूर्वेला, चंदनसारला, श्रीरंग मुळ्ये यांचा प्लास्टिकचा गाळा होता. अठ्ठ्याण्णव साल नुकतं लागलं होतं आणि त्या गाळ्यातल्या बायकांमध्ये एकच वाद पेटला होता: ही हिरवी नरसाळी आहेत तरी कशासाठी?

तोवर गाळ्यात बाटल्यांची झाकणं निघाली होती, डब्यांच्या कड्या निघाल्या होत्या, एका खेळणीवाल्यासाठी पोतीच्या पोती हत्तीच्या सोंडा निघाल्या होत्या. सोंड कुठे बसणार हे कुणाला सांगावं लागत नाही. पण नव्या साच्यातून पडणारं हे नरसाळं भलतंच होतं. तोंड ताटलीएवढं रुंद, बूड आखूड, काठाला तीन कान. त्या कानांवर पिवळी चपटी टोपी बसवायची, टोपीच्या आतल्या बाजूला एक इवलीशी खाच, आणि खाली बांधायला हातभर लांब पिशवी.

“रॉकेलचं असेल,” एकजण म्हणाली.

“रॉकेलच्या नरसाळ्याला टोपी?” ब्लेडने कडा तासता तासता आग्नेस म्हणाली. “आणि खाली पिशवी? रॉकेल काय शहाळ्याच्या पाण्यासारखं पिशवीतून नेतात?”

आग्नेस नंदाखालची. तिच्या शेजारी चंद्रकांता चुरी बसायची, ती आगाशीची. दोघी सकाळी एकाच एसटीने विरारला उतरत, पूल ओलांडून पूर्वेला येत आणि गाळा येईपर्यंत अखंड बोलत. चंद्रकांता तिशीची, उंच, हाताला चपळ. माहेर केळव्याचं, पानवेलींच्या वाडीतलं. तिचा एक स्वभाव होता. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर असावी आणि तिचा उलगडा होऊ नये, हे तिला सोसत नसे. तिसऱ्या दिवशी तिने हातातलं नरसाळं खाली ठेवलं आणि सरळ शेठच्या काचेच्या केबिनमध्ये गेली.

“शेठ, हे काय आहे ते सांगा. हात चालतोय, पण डोकं जागेवर राहत नाही.”

श्रीरंग मुळ्ये तुळिंजला राहायचे. नोकरी सोडून धंद्यात पडलेले, स्वभावाने मोकळे. ते हसले. “चुरीबाई, मलाही कालच कळलं. पुण्याची एक कंपनी आहे. हा सापळा आहे. कापसाच्या बोंडअळीसाठी.”

“अळी?” चंद्रकांताचे कान टवकारले.

“अळी नाही पकडायची, तिचा बाप पकडायचा. त्या खाचेत रबराचं एक बटण बसवतात. त्याला मादी पतंगाचा वास लावलेला असतो. नर येतो, घिरट्या घालतो, दमतो आणि नरसाळ्यातून घसरून पिशवीत. मादी तिकडे वाट बघत बसते, आणि अंडी फळत नाहीत.”

ही बातमी बाहेर आली तसा गाळा हसून हसून लोटपोट झाला. आग्नेसने कपाळावर क्रूस केला. “जेजू! म्हणजे आपण इथे बसून पतंगांची लग्नं मोडतोय!”

चंद्रकांताही हसली, पण तिचं मन एव्हाना आगाशीच्या वाडीत पोचलं होतं.

तिचे सासरे हरिश्चंद्र चुरी यांची वाडी म्हणजे केळी, तगर, मोगरा, आणि हिवाळ्यात सुकेळ्यांसाठी चटईवर वाळत घातलेली केळी. वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला एक रेताड पट्टा होता. एके काळी तिथला भुईमूग गावात नावाजलेला होता. पुढे अळी लागली. संध्याकाळी हिरवंगार दिसणारं शेत दोन-चार दिवसांत नुसत्या काड्यांचं व्हायचं. दिवसा बघावं तर अळी दिसायची नाही, मातीत दडून बसलेली. औषधाची पावडर मारून बघितली. एकदा वाऱ्याची दिशा फिरली आणि सासूबाई, यमुनाबाई, बांधावरच चक्कर येऊन पडल्या. दोन दिवस त्यांना अन्न गेलं नाही. तेव्हापासून त्यांनी निक्षून सांगितलं होतं की या वाडीत आता विष येणार नाही. विष नाही म्हणून भुईमूगही नाही. पट्टा तीन वर्षं ओस होता.

त्या संध्याकाळी चंद्रकांता घरी पोचली ती चप्पल न काढताच बोलायला लागली.

“बाबा, यंदा रेतीत भुईमूग पेरायचा.”

हरिश्चंद्र केळीच्या सोपटांचे बंध वळत होते. मान वर न करता म्हणाले, “पेर की. अळीला पन खायला लागतंच.”

“या वेळी अळी होऊच द्यायची नाही. नर पतंग पकडायचे.”

आता मात्र मान वर झाली. “कोन पकडनार? तू? जाळं घेऊन?”

तिने सगळं समजावून सांगितलं, नरसाळं, टोपी, वास, पिशवी. नवरा जितेंद्र गोरेगावला एका कंपनीत स्टोअरकीपर होता. तो नुकताच येऊन चहा पीत होता, त्याला ठसका लागला. हरिश्चंद्र पुन्हा बंध वळायला लागले. मग यमुनाबाईच म्हणाल्या, “पेरू दे तिला. विष नाय ना मारायचं? मग झालं. आणि चंदा, कडेनं एरंड लाव. पूर्वी सगळे लावायचे. अळीला एरंडाचं रुंद पान भुईमुगाहून आवडतं. आधी तिकडे जाते.”

पट्टा नांगरला गेला. जितेंद्रने रविवारी सरी पाडून दिली. जानेवारीच्या अखेरीस दाणे मातीत गेले, कडेने एरंड लागला, आणि चंद्रकांता गाळ्यातून दोन टाकाऊ सापळे मागून घेऊन आली. एकाचा कान वाकडा, दुसऱ्याची टोपी चिरलेली. श्रीरंगांनी नमुन्याला आलेली दोन रबरी बटणंही दिली. फेब्रुवारीत रोपं वीतभर झाली तसे तिने काठीला सापळे बांधले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच धावत गेली.

पिशवी रिकामी.

तिसऱ्या दिवशी रिकामी. आठवडा गेला, एक माशी नाही, एक मुंगी नाही. वाडीवरून जाणारे येणारे थांबून विचारायला लागले, “चंद्रकांता, कसला टोपीवाला पहारेकरी उभा केलास गं?” हरिश्चंद्र सकाळी सुनेच्या आधी उठून पिशवीकडे एक नजर टाकत आणि खाकरत परत येत. ते खाकरणं तिला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

ती तणतणत केबिनमध्ये गेली. “शेठ, ही फसवणूक आहे. आपण दिवसभर खोटा माल काढतोय.”

श्रीरंग गोंधळले. “मी प्लास्टिकवाला, मला पतंगांतलं काय कळतं? थांबा, विचारतो.” त्यांनी तिच्यासमोरच पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता आणि श्रीरंगांच्या भुवया वर चढत होत्या. फोन ठेवून ते म्हणाले, “चुरीबाई, आपणच वेडे. मी दिलेली बटणं कापसाच्या गुलाबी बोंडअळीची. भुईमुगावरची अळी वेगळी, तिचा पतंग वेगळा. आणि प्रत्येक जातीला फक्त आपल्याच मादीचा वास कळतो.”

“म्हणजे मी आगाशीला कापसातल्या नवऱ्यांना बोलावत होते?”

“आणि कापूस तिथून शेकडो मैल.”

दोघंही खो खो हसत सुटले. चार दिवसांनी पुण्याहून चंदेरी कागदातलं पाकीट आलं, भुईमुगावरच्या अळीच्या बटणांचं.

ते पाकीट घेऊन ती एसटीत बसली आणि तिला राहवेना. खिडकीशी बसून तिने ते फाडलं, आतलं एक बटण नाकाशी धरलं. कसलाच वास नाही. आग्नेसने हुंगलं, तिलाही नाही. “आपण पतंग नाही ना,” आग्नेस म्हणाली. चंद्रकांताने बटणं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. घरी पोचली तर पाण्याची पाळी तिचीच होती, पंप सुरू झाला होता. तिने घाईघाईने साडी बदलली, अंगावरची मागच्या पडवीत दोरीवर टाकली आणि दंडांत पाणी फिरवायला पळाली. पाणी संपलं, स्वयंपाक झाला, लेक भाविका जेवली, आणि गाठ तशीच राहिली.

पहाटे यमुनाबाईंच्या हाकेने ती दचकून उठली.

“चंदा! अगो चंदा, लवकर ये! तुझ्या साडीला काय लागलंय बघ!”

ती पडवीत धावली. उजाडत होतं. दोरीवरच्या साडीचा पदर जिवंत झाला होता. त्या गाठीभोवती करडे-तपकिरी पतंग, पंखांवर पांढऱ्या रेघांची नक्षी असलेले. काही घड्यांत शिरून बसलेले, काही एकमेकांना ढकलत गाठीवर चढणारे, एकदोन अजून गरगर फिरणारे. यमुनाबाई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. जितेंद्र डोळे चोळत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

चंद्रकांताला पदराची गाठ आठवली. मग एकदम ओरडली, “आले! आई, हे आले! नवरे आले!”

हरिश्चंद्र घोंगडी झटकत बाहेर आले. साडीजवळ गेले. वाकून नीट बघितलं. त्यांनी एक पतंग चिमटीत धरला, पंख उलटा करून पाहिला, आणि हळूच म्हणाले, “हाच तो. दिव्यावर यायचा. मी ह्याला वरसानुवरसं वळखतो, पन हा अळीचा बाप हाय हे ठावं नव्हतं.” मग सुनेकडे वळून, “बघत काय बसलीस? लाव ती बटनं टोपीत!”

तिने ती साडी पुढे कितीतरी वेळा धुतली. तरी संध्याकाळ झाली की एखादा पतंग पडवीत चक्कर टाकून जायचाच. सगळं घर त्याला ‘जावई’ म्हणायचं.

आता सकाळी वाडीत शर्यत लागायची. चंद्रकांता, यमुनाबाई आणि सगळ्यांच्या पुढे हरिश्चंद्र. पिशवीच्या तळाशी पतंगांचा थर असे. हरिश्चंद्र खालची गाठ सोडून पिशवी साबणाच्या पाण्यात उलटी करत आणि “आज कालच्यापेक्षा कमी,” नाहीतर “आज वाढले” असा हवामान खात्यासारखा अंदाज देत. पुण्याच्या माणसाने सांगितलं होतं की पतंग एकाएकी वाढले की सावध व्हा. दोन-चार दिवसांत पानांवर अंडी दिसतील. सापळ्यात सगळे नर सापडत नाहीत. सापळा तुम्हाला बातमी देतो, लढाई तुम्हालाच करायची आहे.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी पिशवी फुगलेली दिसली. हरिश्चंद्रांनी ती काठीवरून उतरवून घरात आणली आणि ओट्यावर ठेवली. “चंदा, आली गो पलटन.”

चंद्रकांताने गाळ्यावर सुट्टी मागितली. श्रीरंग म्हणाले, “जा. आणि रविवारी मी बघायला येतो. इतके सापळे काढले, एकदा तरी काम करताना बघू दे.”

पुढचे दिवस म्हणजे नुसती शिकार होती. यमुनाबाईंचं म्हणणं खरं ठरलं: अंडी आधी एरंडावर आली. पानाच्या पाठीला कुणीतरी भुरकट कापूस चिकटवावा तसा लव असलेला पुंजका. पान उलटायचं, पुंजका दिसला की पान तोडून साबणाच्या बादलीत. पहिला सापडला तेव्हा चंद्रकांता लहान मुलीसारखी नाचली. मग डोळा सरावला. जिथे अंडी फुटली होती तिथे पान लांबूनच जाळीसारखं पांढरं दिसायचं. उलटलं की नखाएवढ्या जागेत शेकडो अळ्या, अजून एकत्र, अजून मातीत दडायला न शिकलेल्या. “एवढ्याशा असताना सापडल्या गो!” यमुनाबाई पान बादलीत टाकताना म्हणत. “आपन आतापर्यंत म्हातारपनी ह्यांच्याशी भांडायला जात होतो.”

रविवारी चर्चवरून परस्पर आग्नेस आली, सणाची साडी खोचून. श्रीरंग आले, बूट हातात घेऊन रेतीत उतरले. कोण जास्त पुंजके शोधतो याची पैज लागली. श्रीरंग पानं उलटता उलटता सारखे सापळ्याकडे जाऊन उभे राहत. पिशवीत फडफडणाऱ्या पतंगांकडे बघत एकदा म्हणाले, “चुरीबाई, ह्या नळीचा आतला काठ गुळगुळीत हवा. बघा, एकजण पाय रोवून वर चढतोय. उद्याच साचा घासायला देतो.” आणि त्यांनी खरंच दिला.

पैज आग्नेसने जिंकली. तिचा डोळा घारीचा. “आमच्या नंदाखालच्या वाडीतही लावणार मी,” ती जाताना म्हणाली. “बाकीच्यांनीही लावायला हवेत. नाहीतर माझे पतंग तुझ्याकडे आणि तुझ्या अळ्या माझ्याकडे.”

एप्रिल गेला. पट्टा हिरवागार राहिला. पानं शाबूत, एकमेकांत गुंतलेली, पाय ठेवायला जागा नाही. वाटेवरचे लोक आता पहारेकऱ्याची चेष्टा करत नव्हते; कुंपणाशी थांबून, “एखादं नरसाळं आम्हालाही दे गो” म्हणत होते.

आणि मग ह्या हिरवेपणानेच घरात पेच उभा केला.

वैशाख अर्धा झाला होता. चंद्रकांताने भाविकासाठी उकडायला म्हणून समुद्राकडच्या कडेचं एक झाड उपटलं. काही शेंगा वर आल्या, काहींचे देठ तुटून त्या मातीतच राहिल्या. तिने एक शेंग फोडली. टरफलाची आतली बाजू तपकिरी, काळपट झालेली. दुसरी फोडली, तीही तशीच. माहेरी वडील सांगायचे ते तिला आठवलं: शेंग कोवळी असते तेव्हा टरफल आतून पांढरंशुभ्र असतं, दाणा भरला की आतून काळं पडतं. ती शेंगा ओंजळीत घेऊन सासऱ्यांकडे गेली.

“बाबा, काढणीला आला.”

“खुळी काय! पान बघ, किती हिरवं हाय. पान पिवळं पडून गळायला लागल्याबिगर भुईमूग काढायचा नाय. माझा बाप तसंच करायचा, मी तसंच केलं.”

“पण आतून टरफल काळं पडलंय. देठ तुटायला लागलेत. अजून थांबलो तर शेंगा जमिनीतच राहतील. आणि वळीव आला तर तिथेच मोड फुटतील.”

“एका झाडावरून सगळ्या शेताची परीक्षा करतेस?”

“मग तुम्ही उपटा. कुठलंही.”

हरिश्चंद्र उठले. दोघं तरातरा वाडीत गेले, मागून यमुनाबाई. म्हाताऱ्याने मुद्दाम विहिरीजवळचं झाड निवडलं, उपटलं, शेंग फोडली. आतून पांढरी. “हे बघ!” ते विजयाने म्हणाले. चंद्रकांताचा चेहरा पडला. तिने मधलं एक उपटलं: अर्ध्या शेंगा काळ्या, अर्ध्या पांढऱ्या. समुद्राकडचं उपटलं: जवळजवळ सगळ्या काळ्या. हरिश्चंद्रांनी तिच्या हातातून झाड ओढून घेतलं, दुसरं उपटलं, तिसरं. बांधावर टरफलांचा ढीग पडला. तिघंही रेतीत फतकल मारून शेंगा फोडत होते, दाखवत होते, एकमेकांच्या हातातल्या हिसकावत होते.

“पान हिरवं न शेंग तयार,” हरिश्चंद्र पुटपुटले. “असं कसं?”

यमुनाबाईंनी तोंडातला दाणा चावत शांतपणे विचारलं, “आपलं पान कधी धड हुतं? अळी खायची, टिपके पडायचे. ते पिवळं पिकून पडायचं का आजारानं, कुनी बघितलं?”

हरिश्चंद्रांनी हातातलं टरफल उलटसुलट करून बघितलं. मग हरिश्चंद्र इतके मोठ्याने हसले की कुंपणावरचा कावळा उडाला. “म्हंजे अळीच आमास्नी सांगायची कधी काढायचा! चला, ह्या वरसाला आपन ठरवू. समुद्राकडची निम्मी उद्या. विहिरीकडची थांबू दे, तिला पानी जास्त लागलंय. आणि चंदा, संध्याकाळी हलकं पानी सोड. जमीन भिजली की देठ तुटत नाय, अलगद येतंय झाड.”

हे तिला माहीत नव्हतं. तिने पाणी सोडलं आणि सकाळी पहिलं झाड धरून ओढलं तेव्हा ते मुळासकट, शेंगांच्या घोसासकट असं सुळ्ळकन हातात आलं की ती मागे रेतीत बसलीच.

योगायोगाने तो सुट्टीचा दिवस होता. जितेंद्र होता, आग्नेस दोन जावांना घेऊन आली, गाळ्यातल्या बायका आल्या. झाडं उपटून, माती झटकून, शेंगा वर करून ओळीत उलटी ठेवत होत्या. दुपारी बांधावर मोठ्या टोपात शेंगा मीठ घालून उकडल्या. वाफाळत्या शेंगा, बोटं भाजत, टरफलं उडवत, सगळे खात होते. आग्नेसने एक शेंग फोडून आतली काळी बाजू हरिश्चंद्रांना दाखवली. “काका, ही पिकलीय ना?” त्यांनी गंभीरपणे ती घेतली, दाणा खाल्ला, टरफल परत दिलं. “पिकली हुती.”

विहिरीकडची निम्मी आठवड्याने काढली. कोठीची खोली शेंगांनी भरली आणि घरात पंधरवडाभर ओल्या मातीचा आणि वाळत्या पाल्याचा वास भरून राहिला.

ही हकीकत श्रीरंगांनी पुण्याला सांगितली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी चंद्रकांताला केबिनमध्ये बोलावलं. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात कापसासाठी सापळे लावायचे होते. लोकांना समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. “तुम्ही याल? आग्नेसबाईंनाही घ्या सोबतीला.”

“घरी विचारून सांगते,” ती म्हणाली. घरी विषय निघताच जितेंद्र म्हणाला, “जा. भाविकाला मी बघतो.” आणि हरिश्चंद्र म्हणाले, “जा, पन बटन बरोबर घेऊन जा. तिकडे जाऊन भुईमुगातल्यांना बोलवू नको.”

विरारहून सुरतमार्गे दोघी गेल्या. मारुतीच्या पारावर गाव जमला होता. एकाने पहिलाच प्रश्न टाकला, “ताई, तुमच्याकडे कापूस कसा येतो?”

“आमच्याकडे कापूस येतच नाही,” चंद्रकांता म्हणाली. “मी आज सकाळी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.”

पार हसला. ती घाबरली, मग तिलाही हसू आलं, आणि भाषण बाजूला ठेवून तिने सरळ आपल्या साडीची गोष्ट सांगायला घेतली. चुकलेलं बटण, रिकामी पिशवी, पदराला आलेले जावई. मागच्या रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. शेवटी एकजण उठून म्हणाला, “चला, लावून दाखवा.” दिवस मावळायच्या आत त्यांनी शेतभर सापळे उभे केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सगळ्यांच्या आधी शेतात होती. पिशवीत पतंग होते. तपकिरी, बारीक, तिने कधी न पाहिलेले. पण तेच, बोंडअळीचे बाप. ती “आले!” म्हणून ओरडली तेव्हा आग्नेस गुडघाभर दवात पळत आली. सुपडाबाई नावाची कापूस वेचणारी एक म्हातारी कमरेला ओटी बांधून तिथेच उभी होती. चंद्रकांताने उमललेल्या बोंडाला हात लावला तशी तिने हात धरला.

“थांब माय. दव सुकू दे. ओला वेचला का पिवळा पडतो.”

मग ऊन चढल्यावर तिने शिकवलं: पूर्ण उमललेलं बोंडच घ्यायचं, अर्धं उघडलेलं झाडावर राहू द्यायचं, कापूस असा ओढायचा की वाळकं पान चिकटून येत नाही. चंद्रकांताची बोटं वाळक्या बोंडांच्या टोकांनी ओरबाडली, पण पहिला मऊ, उबदार पुंजका ओटीत पडला तेव्हा तिला वाटलं, ही एवढीच गोष्ट बघायला आपण आलो असतो तरी चाललं असतं.

पुढची काही वर्षं दोघी असंच फिरल्या. गाळ्यातलं काम, घर, वाडी, आणि मधूनच पिशवी भरून परगाव. आगाशी-नंदाखालच्या वाड्यांमध्ये हिरवी नरसाळी इतकी झाली की नवखा माणूस विचारायचा, हे कसलं फळ? मग कापसाचं नवं बियाणं आलं, अळीला दाद न देणारं म्हणून सांगितलेलं, आणि गाळ्याच्या ऑर्डरी घटल्या. नरसाळ्यांची पोती भिंतीला लागून राहिली. श्रीरंग काळजीत पडले.

चंद्रकांता मात्र एका सकाळी केबिनमध्ये शिरली ती डोळे चमकवत. “शेठ, आग्नेसची कारली सडतायत. फळमाशी. सगळ्या वसईची कारली, दुधी, काकड्या. तिलाही नर असणारच की!”

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, फळमाशीच्या सापळ्यासाठी केलेल्या नव्या साच्यातला पहिला डबा घेऊन तिघं नंदाखालला आग्नेसच्या कारल्यांच्या मांडवाखाली गेले. डबा तांब्याएवढा, बाजूला भोकं, आत नव्या वासाची लाकडी चकती. सकाळचे दहा वाजले असतील. चंद्रकांता वाट बघायच्या तयारीने आली होती. पतंग रात्रीच यायचे, म्हणून उद्या उजाडल्यावर येऊन बघू, असंच तिच्या मनात होतं. श्रीरंग स्टुलावर चढून मांडवाच्या तारेला दोरी बांधत होते. गाठ पुरी व्हायच्या आतच त्यांच्या कानाशी काहीतरी गुणगुणलं. मग आणखी एक. बघता बघता मांडवाच्या चहूबाजूंनी पिवळसर माश्या येऊ लागल्या, डब्यावर उतरल्या, भोकांपाशी रेटारेटी करू लागल्या. एक श्रीरंगांच्या नाकावरच बसली.

“हलू नका शेठ!” चंद्रकांता ओरडली. “हात चकतीला लागलाय तुमचा! तुम्हालाच नवरी समजतायत!”

आग्नेस हसत हसत जमिनीवर बसली. श्रीरंग एका हाताने डबा, दुसऱ्या हाताने स्टूल धरून उभे होते, आणि माश्या येतच होत्या.